जमीन नको, चाक उचला

राहण्याची सोय असलेली गाडी तळावर येऊन उभी राहिली आणि एका अंगाला चार बोटे कलली, तर सरळ कोणाला करायचे, गाडीला की जमिनीला? प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून तो केवळ हौशी प्रवाशांचा राहिलेला नाही. या धोरणात गाडी आणि गाडीचा तळ अशा दोन्ही गोष्टींचा विचार आहे, आणि तळ म्हटला की आपल्याकडे पहिले काम ठरलेले असते: सपाटीकरण. जेसीबी येतो, उंचवटा खरवडतो, खोलगट भागात मुरूम पडतो, वरून रोलर फिरतो आणि कागदावर ‘विकसित जागा’ तयार होते. गोंदिया जिल्ह्यात असे तळ कुठे व्हावेत असे कोणालाही विचारा, उत्तर पाण्याच्या काठाचेच येईल: नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा, इटियाडोह. काठ म्हणजे उतार, आणि गोंदियाच्या उताराने शेकडो वर्षे एक काम केले आहे. हे काम मोडून गाडी सरळ उभी करण्याची काहीच गरज नाही, दोन फळ्या आणि एक जॅक पुरतो, असे माझे म्हणणे आहे. ते पटवायचे तर आधी गाडी कशी सरळ होते ते पाहावे लागेल, मग जमीन कशी मोडते ते.

मोटारीमागे ओढायची छोटी कॅराव्हॅन आपल्याकडे दुर्मीळ असली, तरी तिची भावंडे गोंदियात गावोगावी आहेत. महाशिवरात्रीला अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडला माणसे येतात. तिथे महादेवाचे देवस्थान आहे आणि त्याच परिसरात ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेकडे गोंड समाजाची माणसे अनेक राज्यांतून येतात. पूर्वी असल्या यात्रांना बैलबंडी जुंपून जायचे, आता ट्रॅक्टरची ट्रॉली असते. ट्रॉलीत भाकरीचे गाठोडे, अंथरूण, लेकरेबाळे, वर ताडपत्री. एका आसावर दोन चाके आणि पुढे एक दांडी, ही तिची रचना. ट्रॅक्टर सोडवला की दांडीखाली स्टँड किंवा लाकडाचा ओंडका येतो, चाकांना दगड लागतात, आणि रात्रीपुरते घर उभे राहते. लाखो रुपयांच्या कॅराव्हॅनमध्ये गादी, चूल, सिंक आणि फ्रिज आहे, ट्रॉलीत नाही. जमिनीशी असलेले दोघींचे नाते मात्र एकच आहे. दोघी तीन ठिकाणी टेकतात.

तीन टेकूंचा फायदा तिवईवर बसणाऱ्याला ठाऊक असतो: जमीन कितीही वेडीवाकडी असली तरी तिवई डुगडुगत नाही. चार पायांचे टेबल सपाट फरशीवरसुद्धा एक पाय उचलून नखरा करते. एकाच आसाची गाडी म्हणूनच सरळ करायला सोपी. त्यात फक्त दोन प्रश्न असतात, आडवा कल आणि उभा कल, आणि दोन्ही वेगवेगळे सोडवता येतात. आडवा कल आधी, कारण तो चाकांवर ठरतो आणि गाडी जोडलेली असतानाच सुधारता येतो. जे चाक खाली गेले आहे त्याच्यापुढे पुरेशा जाडीची फळी ठेवायची, गाडी हात-दीड हात पुढे घ्यायची, चाक फळीवर चढले की थांबायचे. मग दोन्ही चाकांना पुढून-मागून पाचरी ठोकायच्या. हे होईपर्यंत दांडीचा हुक सोडायचा नाही, कारण हुक सुटलेली आणि पाचर नसलेली गाडी उतारावर कोणाचेही ऐकत नाही. त्यानंतर हुक सोडायचा आणि दांडीखालचा जॅक फिरवून नाक वर-खाली करायचे, म्हणजे उभा कल गेला. चार कोपऱ्यांचे छोटे जॅक सर्वांत शेवटी उतरवायचे आणि तेही फक्त टेकवायचे. हलू नये एवढेच त्यांचे काम. त्यांनी गाडी उचलायला गेले की चौकट पिळवटते, दार चौकटीत अडकू लागते, आणि मालकाला वाटते की दारच खराब निघाले.

आता आकडे पाहू, कारण खरा वाद आकड्यांतच मिटतो. छोट्या कॅराव्हॅनच्या दोन चाकांमधले अंतर साधारण १.८ मीटर धरले, तर एक अंशाचा आडवा कल म्हणजे एका चाकाखाली ३ सेंटिमीटरचा फरक. तीन अंश म्हणजे ९ सेंटिमीटरच्या थोडे वर. दांडीच्या टोकापासून आसापर्यंत साडेतीन मीटर धरले, तर उभ्या कलाच्या एका अंशाला जॅकने नाक सुमारे ६ सेंटिमीटर वर-खाली करावे लागते. म्हणजे ज्या उताराला आपण सहज ‘बराच उतार’ म्हणतो, त्याचे उत्तर एका-दोन फळ्यांच्या जाडीत मिळते. किती जाडी हवी हे कळण्यासाठी महागडे यंत्रही लागत नाही. गवंड्याची पाणसळ गाडीच्या फरशीवर आडवी ठेवायची, बुडबुडा जिकडे पळतो ती बाजू उंच, आणि पाणसळीचे खालचे टोक किती उचलल्यावर बुडबुडा मध्ये येतो ते पाहायचे. पाणसळ एक मीटरची असेल आणि टोक दोन सेंटिमीटर उचलावे लागले असेल, तर चाकाखाली साडेतीन सेंटिमीटरची फळी. हिशेब त्रैराशिकाचा आहे. पाणसळ नसेल तर पसरट ताटात पाणी घेऊनही काम होते. बुडबुड्याची नळी फ्रान्समध्ये मेल्शिसेदेक थेव्हनो याने १६६१ च्या सुमारास तयार केली. स्थिर पाणी समपातळीत राहते हे ज्ञान मात्र धान पिकवणाऱ्या प्रत्येक गावाला तिच्या कितीतरी आधीपासून होते.

जमिनीला हात न लावता तिच्यावर उभ्या असलेल्या वस्तूला सरळ करण्याची ही रीत किती पुढे जाऊ शकते, याचा पुरावा विदर्भातच पुरलेला आहे. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा जनक विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला, आणि तिथेच त्याची कबर आहे. दक्षिणेपासून मध्य भारतापर्यंत त्याने भला जड थिओडोलाइट टेकड्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवला. पृथ्वीच्या आकाराचा अंदाज येईल इतक्या सूक्ष्म मापांसाठी ते यंत्र काटेकोर समपातळीत हवे होते. त्यासाठी कोणी टेकडी कापली नाही. यंत्राच्या बुडाशी स्क्रू होते, वर बुडबुड्याची नळी होती, आणि स्क्रू फिरवून यंत्र जमिनीच्या कलातून मोकळे केले जात होते. आजही रस्त्याच्या कडेला मोजणी करणाऱ्याचे यंत्र तिपाईवर, तीन स्क्रूंवर असेच सरळ होते. एका अंशाचा साठावा आणि त्याचाही साठावा भाग मोजणाऱ्या माणसाला जे पुरले, ते चहाचा कप सांडू नये म्हणून नक्कीच पुरेल.

पण मग गाडी इतकी सरळ हवी तरी कशाला? इथे थोडे थांबायला हवे, कारण सपाटीकरणाचा आग्रह धरणारे बहुतेक वेळा परदेशी पुस्तिकांमधले एक वाक्य पुढे करतात: गाडी सपाट नसेल तर फ्रिज जळतो. ते वाक्य खोटे नाही, पण ते कोणत्या फ्रिजबद्दल आहे हे सांगितले जात नाही. १९२२ मध्ये स्टॉकहोममध्ये बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी कॉम्प्रेसर नसलेला, उष्णतेवर चालणारा फ्रिज तयार केला. १९२५ पासून इलेक्ट्रोलक्सने तो विकायला सुरुवात केली. त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतात. पंप नसतो, सगळे अभिसरण गुरुत्वाकर्षणावर चालते. नळ्यांच्या उतारावरून द्रव ओघळत बॉयलरकडे परत आला पाहिजे. गाडी फार कलली तर तो वाटेत साचतो, बॉयलर कोरडा तापतो, नळीला गंज लागू नये म्हणून घातलेला क्षार आत साखळतो आणि फ्रिज कायमचा बसतो. गॅसवर चालतो म्हणून युरोप-अमेरिकेतल्या कॅराव्हॅनमध्ये हा फ्रिज रुळला, आणि सपाट तळाचा धाक त्याच्याबरोबर आला. तरी या नाजूक फ्रिजचे निर्मातेही साधारणपणे आडवे तीन अंश आणि उभे सहा अंश इतकी सवलत देतात. तीन अंश म्हणजे वरच्या हिशेबात नऊ सेंटिमीटर. कॉम्प्रेसरच्या फ्रिजला तर याहून कितीतरी जास्त कल चालतो. म्हणजे ज्या कारणासाठी तळ इंच-इंच सपाट करायचा म्हणतात, ते कारण त्याच्या मूळ गावीही इंचाइंचाचे नाही.

उरलेली कारणे माणसांची आहेत. पलंगाचा डोक्याकडचा भाग खाली गेला तर झोप लागत नाही. सिंकचे पाणी उलट्या कोपऱ्यात साचते. कपाटाचे दार आपोआप उघडते. पाण्याच्या टाकीचा काटा खोटे सांगतो. ही कारणे खरी आहेत आणि एका अंशाच्या आत गाडी आणली की सगळी संपतात. एक अंश म्हणजे तीन सेंटिमीटर. त्याच्यासाठी जमीन कापायची?

आता जमिनीकडे वळू. गंमत अशी की चांगला तळ पूर्ण सपाट असून चालतच नाही. पावसाचे, धुण्याचे, गळक्या नळाचे पाणी निघून जायचे तर जागेला शंभरात एक ते दोन असा उतार ठेवावा लागतो, हे अंगण सारवणाऱ्या बाईपासून रस्ता बांधणाऱ्या इंजिनिअरपर्यंत सर्वांना ठाऊक असते. शंभरात दोन म्हणजे अंशात मोजले तर सव्वापेक्षाही कमी. १.८ मीटरच्या आसावर तो ३.६ सेंटिमीटर भरतो. म्हणजे शास्त्रशुद्ध बांधलेल्या तळावरही गाडीखाली एक फळी लागणारच. आणि फळी लागू नये म्हणून उतार शून्यावर आणला, तर गोंदियात त्या जागेला आधीपासूनच एक नाव आहे: बांधी. चारी बाजूंनी धुरे आणि मध्ये सपाट तळ, हेतू एकच की पाणी जागचे हलू नये. वर्षाला साधारण तेराशे मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, अशा जिल्ह्यात काटेकोर सपाट केलेली जागा पर्यटनाच्या खात्यात असली तरी पहिल्या मृगाच्या सरीला ती धानाच्या खात्यात जाईल.

यावर एक चांगला आक्षेप घेता येतो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. गोंदियाच्या शेतकऱ्याने तरी काय केले? पिढ्यान्‌पिढ्या जमीन सपाटच केली ना? तो चिखलणी करतो, पाटा फिरवतो, उंचवट्याची माती खोलगट भागात ओढतो. बांधीत तळहाताएवढा भाग उंच राहिला तर तिथे तण माजते, खोल राहिला तर रोवणीनंतरचे रोप बुडते. पंजाब-हरियाणात लेझरच्या किरणाने बांध्या समपातळीत आणतात ते याचसाठी. मग धानासाठी चालते ते गाडीसाठी का चालू नये? उत्तर बांधीच्या आकारात आहे. इथल्या झाडीपट्टीतली बांधी लहान असते, कारण प्रत्येक बांधी उताराची एक पायरी असते. शेतकरी पायरीपुरती जमीन सपाट करतो, पायऱ्यांची उतरंड मोडत नाही. वरच्या बांधीचे जास्तीचे पाणी धुऱ्यातल्या तोंडातून खालच्या बांधीत, तिथून पुढच्या बांधीत आणि शेवटी नाल्यात किंवा तलावात जाते. शिवाय बांधीत पाणी थांबणे हाच हेतू असतो आणि त्या पाण्यावर पीक उभे राहते. तळ करणाऱ्याला पाणी थांबायला नको असते, तरी जमीन मात्र बांधीसारखी हवी असते. दोन्ही एकत्र होत नाही.

या उतरंडीच्या टोकाला तलाव आहेत. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला तेव्हा त्याच्या वाट्याला जवळजवळ चौदाशे माजी मालगुजारी तलाव आले. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. त्यांतले पुष्कळ कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळात बांधले. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने बांधल्याचे सांगतात. तलावाभोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात, आणि कोलू पाटील पुढे कोलासुर देव झाला. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरात या तलावाचा परीघ सतरा मैल नोंदलेला आहे. हे काम कोणत्या कौशल्यावर उभे होते? टेकड्यांच्या खिंडी कुठे बुजवल्या म्हणजे पाणी अडेल, पाळ किती उंच केली म्हणजे ते कुठवर पसरेल, जादा पाणी कोणत्या बाजूने सोडले म्हणजे पाळ फुटणार नाही, हे ओळखण्यावर. काही मैल लांबीच्या जमिनीतला हातभर चढउतार त्या माणसांना वाचता येत होता. मातीची पाळ, पाणी सोडायला तुडुम, जादा पाण्याला सांडवा, आणि वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाचा येवा. उतार हीच त्यांची सगळी यंत्रसामग्री होती. १९५०-५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले, मालकी बदलली आणि देखभाल सैल झाली. पुष्कळ तलाव गाळाने उथळ झाले. उतार मात्र अजून बऱ्याच ठिकाणी शाबूत आहे.

तळ करायला सगळ्यांना आवडतो तो काठ तर या यंत्रणेचा सर्वांत नाजूक भाग. मामा तलावाचा पाळीकडचा भाग खोल असतो आणि समोरचा काठ लांबवर हळूहळू उथळ होत जातो. या उथळ पट्ट्यात पाणी वितीने मागेपुढे झाले तरी मीटरच्या मीटर जमीन उघडी पडते किंवा बुडते. देवधान उगवते ते याच पट्ट्यात. मासे अंडी घालायला, बगळे आणि बदके चरायला याच पट्ट्यात येतात. सारसासाठी ओळखला जाणारा महाराष्ट्रातला जिल्हा म्हणजे गोंदिया, आणि सारसालाही उथळ पाणी, दलदल आणि धानाचे शेत असा सलग प्रदेश लागतो. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थेने मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाबरोबर तलावांमध्ये स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे आणि माजलेले बेशरमाचे झुडूप उपटण्याचे काम केले, ते याच उथळ कडांवर. तिथे कोणती वनस्पती कुठे रुजते हे पाण्याच्या काही सेंटिमीटर खोलीवर ठरते. ज्या सेंटिमीटरांना आपण गाडीखाली फळी म्हणतो, तीच मापे इथे जिवंत आणि मेलेल्या काठामधला फरक ठरवतात.

कायदा या काठाला वाचवेल, असेही समजू नये. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम कमाल पूररेषेच्या सरासरीपासून पन्नास मीटरच्या आत पक्के बांधकाम करायला मनाई करतात. पण त्याच नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. मामा तलाव बांधले गेले तेच सिंचनासाठी. म्हणजे जो तलाव तीनशे वर्षांत जिवंत पाणथळ झाला, तो जन्मदाखल्यावर ‘सिंचन’ लिहिलेले असल्यामुळे नियमांच्या बाहेर राहतो. जिथे व्याघ्र प्रकल्पाची हद्द लागते तिथे वेगळे निर्बंध आहेत, पण चौदाशे तलावांपैकी फार थोडे त्या हद्दीत येतात.

आता एका हेक्टरचा हिशेब करू. शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद जागा, उतार शंभरात दोन, उतार तलावाकडे. वरच्या आणि खालच्या कडेत दोन मीटरचा फरक. जागा एका पातळीत आणायची तर वरचा अर्धा भाग कापून खालच्या अर्ध्यात भरावा लागेल. कापायची माती २,५०० घनमीटर, ट्रॅक्टरवाल्याच्या भाषेत जवळजवळ नऊशे ब्रास. भराव सर्वांत जाड, म्हणजे मीटरभर, येतो तो खालच्या कडेला, अगदी तलावाच्या तोंडाशी. मोकळी केलेली, मुळे तुटलेली, गवत नसलेली नऊशे ब्रास माती पाण्याच्या वरच्या बाजूला रचून ठेवायची आणि पावसाळ्याची वाट पाहायची! पन्नास मिलिमीटरचा एक पाऊस त्या हेक्टरवर पाचशे घनमीटर पाणी टाकतो. ते पाणी भरावाच्या कडेवरून चर पाडत उतरेल आणि जो तलाव गाळाने आधीच उथळ झाला आहे त्यात आणखी गाळ नेईल. मग गाळ काढायची वेगळी योजना निघेल.

कोणी म्हणेल, जंगल पावसाळ्यात बंदच असते, पर्यटक ऑक्टोबर ते जूनमध्ये येणार, मग पावसाचा एवढा बाऊ कशाला? पर्यटक पावसाळ्यात नसतात, भराव असतो. तो चारही महिने भिजतो, आणि त्याला पाहायला तेव्हा कोणीच नसते. भराव खचतोही. थर देऊन, पाणी मारून, दाबून केलेला भराव टिकतो. घाईत ओतून वरवर रोलर फिरवलेला दोन पावसाळ्यांत बसतो, आणि तोही सगळीकडे सारखा नव्हे. कापलेली बाजू जागेवर, भरलेली बाजू खाली. म्हणजे ज्या कलासाठी हा खटाटोप केला तो परत येतो, आणि पर्यटक पुन्हा फळी शोधू लागतो.

सगळ्यात व्यवहारी आक्षेप असा की नागपूर-रायपूरहून पहिल्यांदाच गाडी भाड्याने घेऊन आलेल्या कुटुंबाला हे फळी-पाचर-जॅक जमणार नाही. खरे आहे, पहिल्या खेपेला जमणार नाही. पण मुंबई-कोलकाता महामार्गावर कोहमारा, देवरी भागात ट्रक थांबतात तिथे पाहावे: चाकाला दगड लावणे, जॅकखाली लाकडाचा तुकडा घालणे ही कौशल्ये चहाच्या टपरीएवढी सर्वत्र आहेत. तळावर एक शिकवलेला माणूस, एका जाडीच्या दहा-वीस साग किंवा बीजाच्या फळ्या, टोके तासलेल्या पाचरी आणि एक मीटरची पाणसळ एवढे ठेवले, तर दहा मिनिटांत काम होते. ज्यांची राहण्याची सोय बसच्या किंवा टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर आहे, त्यांची चार चाके असल्यामुळे तिवईची सोय मिळत नाही हे मान्य. पण तिथेही खालच्या अंगाची दोन चाके फळ्यांवर चढवली की आडवा कल जातो, आणि गाडी उताराच्या रोखाने डोके वर करून उभी केली तर उभ्या कलाचा जाच होत नाही. चढत्या रोखाने गाडी लावणे हा फुकटचा उपाय, आणि लोक नेमका तोच विसरतात.

धोक्याचा आक्षेप मात्र मी पूर्णपणे मान्य करतो. फळ्यांची चळत फार उंच केली तर ती सरकते. दगड गोल असेल तर निसटतो. कन्हारासारख्या काळ्या मातीत ओल असताना जॅकचा पाय बोटभर खाली जातो आणि रात्री गाडी हळूहळू तिरपी होते. जॅकखाली हातभर रुंद पाट टाकला तर भार पसरतो आणि हे टळते. बरडीवर असा त्रास नाही, मुरमाड जमीन भार पेलते. म्हणून मर्यादा ठरवावी लागेल: चाकाखाली दहा-बारा सेंटिमीटरहून जास्त उचलायची वेळ आली तर ती जागा त्या गाडीसाठी नाही, गाडी हलवा. गाडीला चाके असतात याचा एवढा तरी उपयोग करावा. शंभरात पाचपेक्षा जास्त आडवा उतार असलेल्या जागा तळासाठी निवडूच नयेत. तलावाच्या आसपास त्याहून सौम्य, बरड, धानालाही नकोशा झालेल्या जागा बऱ्याच मिळतात, फक्त त्या पाण्यापासून दोनशे-तीनशे मीटर दूर असतात आणि खिडकीतून तलाव दिसत नाही.

आणखी एक आक्षेप आहे, आणि त्यापुढे माझा युक्तिवाद थोडा मागे सरतो. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला, काठी टेकत चालणाऱ्या आजीला, गाडीच्या दारापासून संडासापर्यंत टणक आणि जवळजवळ सपाट वाट हवी, आणि दाराबाहेर खुर्ची वळवता येईल एवढी सपाट जागाही हवी. तिथे फळी उपयोगाची नाही, गाडी सरळ झाली तरी जमीन तिरपीच राहते. म्हणून प्रत्येक तळावर एक-दोन ठाणी खरोखर सपाट करावीत. सहा मीटर रुंद, बारा मीटर लांब ठाणे लांबीच्या बाजूने शंभरात दोनच्या उतारावर बसवले, तर कापायची माती जेमतेम सव्वादोन घनमीटर निघते, ब्रासही पुरा होत नाही. वरच्या बाजूने चर काढून पाणी वळवायचे, खालची कड दगडांनी बांधायची, आणि सगळे तलावाच्या पाळीच्या पलीकडे, येव्याच्या वाटेत नसलेल्या बाजूला करायचे. म्हणजे शेतकऱ्याचीच रीत: पायरीपुरते सपाट, उतरंड शाबूत. एक-दोन ठाण्यांसाठी हे योग्य आहे. एका हेक्टरचे पटांगण करण्यासाठी ही सबब म्हणून वापरू नये.

मग सपाटीकरणच का होते? अज्ञान हे कारण मला पुरेसे वाटत नाही. सरकारी कामाचे मोजमाप ज्या पुस्तकात लिहिले जाते त्यात खोदकामाला घनमीटरला दर आहे, भरावाला दर आहे, मुरूम वाहतुकीला अंतराप्रमाणे दर आहे. २,५०० घनमीटरचे काम अंदाजपत्रकात चांगले दिसते, निविदेला शोभते आणि पूर्ण झाल्यावर फोटोत येते. वीस फळ्या, चाळीस पाचरी, एक पाणसळ आणि एका माणसाचा पगार हे काम तिथे बसवायला जागाच नाही. ते फार तर किरकोळ खर्चात जाते. जिल्ह्यातल्या पर्यटन आराखड्यात तळाचा खर्च मांडणाऱ्याने म्हणूनच पहिली नोंद मातीकामाची न करता उताराच्या मोजणीची करावी: जागेचे दर दहा मीटरवरचे उंचीचे आकडे, पावसाचे पाणी सध्या कोणत्या वाटेने जाते त्याचा नकाशा, आणि तो पाणी वापरणाऱ्या गावकऱ्यांसह, ढिवरांच्या मच्छिमार संस्थेसह ताडून घेतलेला. त्या नकाशावर कोणत्या जागी कोणती गाडी किती जाडीच्या फळीवर उभी राहील हे कोणाही गवंड्याला अर्ध्या दिवसात लिहून देता येईल.